दुनळीचे दोन्ही बार एकदम उडत असतील तर

प्रश्न काटोलकडच्या एका संत्रा बागायतदाराचा आहे. आजोबांची बर्मिंगहॅमची बाराबोर दुनळी वारसाहक्काने त्यांच्या परवान्यावर आली. हॅमर (घोडे) आत असलेली, दोन ट्रिगरची, बॉक्सलॉक, म्हणजे सगळं यंत्र मधल्या धातूच्या पेटीतच असलेली. पुढचा ट्रिगर ओढला की उजवी नळी उडते, पण अधूनमधून डावीही तिच्याबरोबरच जाते. पावसाळ्यात हा त्रास जवळपास नसतो, एप्रिल-मेमध्ये हमखास होतो. ओळखीच्या एका कारागिराने सांगितलंय, ‘सिअर झिजलेत, घासून देतो.’ (सिअर म्हणजे चढलेला हॅमर धरून ठेवणारी कळ.) घासू द्यावेत का?

नाही, आत्ता मुळीच नाही. सिअर घासणं हा या दुरुस्तीतला शेवटचा उपाय आहे, आणि एकदा घासलेलं पोलाद परत येत नाही. उन्हाळ्यात होतं आणि पावसाळ्यात होत नाही, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. पोलाद ऋतू बघून झिजत नाही, लाकूड मात्र ऋतूप्रमाणे हलतं. माझा मुख्य संशय लाकडी दस्त्यावर आहे. तरी नुसत्या संशयावर काम करू नये, म्हणून क्रमाने जाऊ.

तोवर बंदूक वापरातून बाहेर काढा. ‘एकाच नळीत काडतूस घालतो, मग दोन कुठून उडणार’ हा युक्तिवाद चालत नाही. जो सिअर शेजारच्या बाराच्या धक्क्याने निसटतो तो बंदूक जोरात बंद करताना किंवा दस्ता जमिनीवर आदळतानाही निसटू शकतो. वरच्या सेफ्टीवरही विसंबू नका. बहुतेक बॉक्सलॉकमध्ये ती फक्त ट्रिगर अडवते. सिअर आणि हॅमर मोकळेच असतात.

आधी आतली रचना समजून घ्या. हॅमर आत असलेल्या बहुतेक बॉक्सलॉक दुनळ्या १८७५ च्या अ‍ॅन्सन आणि डीली यांच्या पेटंटवर बेतलेल्या आहेत. बंदूक मोडली, म्हणजे नळ्या खाली केल्या, की दोन्ही हॅमर चढतात. प्रत्येक हॅमरला एक खाच असते आणि तिच्यात सिअरचं नाक अडकतं. सिअर एका आडव्या पिनवर झुलतो. त्याची शेपटी मागे ट्रिगरच्या पात्यावर येते. ट्रिगर ओढला की पातं शेपटीला वर उचलतं, नाक खाचेतून सुटतं आणि हॅमर पडतो. हे सगळं उजवीकडे एक आणि डावीकडे एक. नाक आणि खाच यांची पकड मिलिमीटरच्या अंशात मोजायची असते. त्यामुळे डावा हॅमर न ओढता पडायला फार काही लागत नाही. ती पकड आधीच अपुरी असली की उजव्या बाराचा हादरा पुरतो.

आता क्रमातली पहिली शंका, जी मालकाला ऐकायला आवडत नाही: बोट. पुढचा ट्रिगर ओढल्यावर बंदूक मागे येते, बोट पुढच्या ट्रिगरवरून घसरतं आणि मागच्यावर आदळतं. माणसाला शपथेवर वाटतं की आपण दुसरा ट्रिगर ओढलाच नाही. दस्ता आखूड असेल, खांद्याला सैल लावला असेल किंवा बोटाचं पेर आत अडकवून ओढायची सवय असेल तर हे फार होतं. पुढच्या ट्रिगरपासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. मध्यम उंचीच्या माणसाला ते साधारण ३६ ते ३७ सेंटिमीटर लागतं. जुन्या बंदुकींचा दस्ता कोणीतरी मुलासाठी कापलेला असणं नवलाचं नाही.

बोट की यंत्र, हे नक्की करायची चाचणी सोपी आहे, पण ती परवानाधारक दुरुस्तीकाराकडे आणि मान्यताप्राप्त रेंजवरच व्हायला हवी, शेतात नाही. उजव्या नळीत एक हलकं काडतूस आणि डावीत स्नॅप कॅप, म्हणजे दारू नसलेलं खोटं काडतूस. बार काढल्यावर बंदूक मोडायची नाही. मोडली की दोन्ही हॅमर पुन्हा चढतात आणि पुरावा गेला. नळी सुरक्षित दिशेला ठेवून मागचा ट्रिगर ओढायचा. ‘टक’ आवाज आला तर डावा हॅमर जागेवर होता. आवाज आला नाही तर तो पहिल्या बारासोबतच पडला होता. बंदुकीला इजेक्टर असतील तर आणखी एक खूण मिळते: हॅमर पडलेल्या बाजूचं काडतूस इजेक्टर बाहेर फेकतो, न पडलेल्या बाजूचं नुसतं वर उचललं जातं.

मग उलट करायचं: डावीकडे काडतूस, उजवीकडे स्नॅप कॅप आणि मागचा ट्रिगर. बंदूक मागे येताना बोट पुढच्या ट्रिगरला मागून टेकलं तरी त्याला पुढेच ढकलेल, ओढणार नाही. त्यामुळे या क्रमाने उजवा हॅमर पडला तर दोष नक्की यंत्राचा. फक्त उजवी-मग-डावी याच क्रमाने होत असेल तर अजून ठरलेलं नाही. तेव्हा मागच्या ट्रिगरच्या पाठीमागे, ट्रिगर गार्डच्या कमानीत, बुचाचा तुकडा बसवा. तो ट्रिगरला नुसता टेकलेला हवा, पुढे दाबणारा नको, नाहीतर निकाल फसवा येतो. आता मागचा ट्रिगर ओढलाच जाऊ शकत नाही. तरीही डावा हॅमर पडला तर बोट निर्दोष.

घरी काय करता येईल? काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा, दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड बघा आणि मग फक्त स्नॅप कॅप घाला. स्नॅप कॅपशिवाय रिकामी बंदूक चालवू नका, जुन्या स्ट्रायकरची, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या पिनेची, टोकं तुटतात. सेफ्टी काढून पुढचा ट्रिगर ओढा, मग मागचा. प्रत्येक वेळी दुसरा ‘टक’ स्वतंत्र ऐकू यायला हवा. असं १० वेळा, मग उलट क्रमाने १० वेळा. त्यानंतर दोन्ही हॅमर चढवून दस्त्याच्या मागच्या टोकावर तळहाताने किंवा रबरी हातोडीने बऱ्यापैकी ठोके द्या. एकही हॅमर पडता कामा नये. पडला तर निदानाचं अर्धं काम झालं. नाही पडला तरी निर्धास्त होऊ नका, कारण बाराचा हादरा तळहाताच्या ठोक्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

ट्रिगरचं वजनही मोजा. सामानाच्या बॅगा तोलायचा डिजिटल काटा पुरतो. हुक ट्रिगरच्या मधोमध लावून सरळ मागे, हळूहळू ओढायचं आणि प्रत्येक ट्रिगरची ५ मापं घ्यायची. जुन्या इंग्लिश बंदुकीत पुढचा साधारण १.६ ते १.८ किलो आणि मागचा त्याहून पाव किलोभर जड असतो. मागचा ट्रिगर जड ठेवण्याचा हेतूच डावी नळी नकळत उडू नये हा आहे. कुठलाही ट्रिगर १.४ किलोच्या खाली असेल तर त्या बाजूला आधीच कोणीतरी हात लावलाय किंवा सिअर खाचेत पूर्ण बसत नाहीये. पाचही मापं एकमेकांपासून पाव किलोने वरखाली असतील तर आत चिकटा आहे.

चिकट्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे बंदुकीला घरात जे तेल असेल ते घालतात. जवसाचं तेल वाळून वार्निशसारखं कडक होतं. मोहरीचंही हळूहळू चिकट होत जातं. खोबरेल वाळत नाही, पण ते २४-२५ अंशांखाली गोठतं, आणि नागपूरची डिसेंबर-जानेवारीची रात्र १० अंशांच्या आसपास जाते. गोठलेल्या तेलात सिअर आळसावतो. बंदूक मोडून बंद केल्यावर त्याचं नाक खाचेत तळापर्यंत जाऊन बसत नाही, काठावर टेकून राहतं. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदुकी पोलीस ठाण्यात जमा होतात, महिनोन्‌महिने उभ्या राहतात आणि तेल-धूळ एक होऊन सिअरच्या पिनेभोवती बसते. तशी परत आलेली बंदूक साफ केल्याशिवाय वापरू नये.

साफसफाईसाठी दस्ता उतरवावा लागतो. दस्ता काढल्यावर ॲक्शनचा, म्हणजे यंत्र बसलेल्या धातूच्या पेटीचा, मागचा भाग टर्पेंटाइनने धुवायचा, सिअरच्या शेपट्या बोटाने वरखाली करत राहायचं, काळं पाणी येणं थांबेपर्यंत. मग पूर्ण वाळवून पिनेवर आणि खाचेवर हलक्या मशीन ऑइलचा एक-एक थेंब, जास्त नाही. गंजावर मारायचा स्प्रे आत सोडून तसाच ठेवू नका. त्यातलं द्रावक उडून गेलं की मागे राहणारा थर पुढे धूळ धरतो.

दस्ता निघालेला असताना ट्रिगर प्लेट हातात घेऊन एक गोष्ट जरूर बघा. दोन्ही ट्रिगरची पाती एकाच पिनवर शेजारी-शेजारी बसलेली असतात, मध्ये कागद जाईल एवढीच फट. तिथे गंज किंवा लाकडाचा भुसा अडकला की पुढचा ट्रिगर मागच्याला सोबत ओढतो. पुढचं पातं बोटाने उचला. शेजारचं तसूभरही हललं तर डबल बाराचं कारण तुमच्या हातातच आहे. गंज काढा, पाती चकचकीत करा, बस्स. वाकलेलं पातं शेजारच्या सिअरच्या शेपटीला घासत असेल तर शेपटीवर चकाकणारी रेघ दिसते. हे इतकं साधं कारण आहे की भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतं.

आता दस्ता. बॉक्सलॉकमध्ये ॲक्शनची वरची पट्टी आणि खालची ट्रिगर प्लेट यांच्या मध्ये अक्रोडाचं लाकूड असतं आणि एक लांब स्क्रू दोघींना लाकडातून आवळतो. म्हणजे ट्रिगरची पाती सिअरच्या शेपट्यांपासून किती दूर राहतील हे त्या लाकडाची जाडी ठरवते. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर आणि हवा कोरडी ठाक. लाकूड आटतं. स्क्रू सैल वाटतो म्हणून मालक तो आवळतो. ट्रिगर प्लेट वर सरकते, पाती सिअरच्या शेपट्यांना टेकतात आणि शेपट्या कायमच्या थोड्या उचललेल्या राहतात. नाक खाचेत अर्धवट. उजवा बार झाला की डावा सिअर निसटतो. जुलैत लाकूड फुगतं, प्लेट खाली जाते आणि रोग आपोआप बरा झाल्यासारखा दिसतो. तुमची तक्रार जवळपास शब्दशः हीच आहे.

आपल्या घरातला डेझर्ट कूलर यात भर घालतो. कूलरच्या खोलीतली हवा दमट, बाहेरची भाजणारी. बंदूक कूलरच्या खोलीत टांगून ठेवायची आणि दुपारी उन्हात न्यायची, म्हणजे त्या लाकडाला एका दिवसात दोन ऋतू दाखवणं. शिवाय पिढ्यानुपिढ्या बंदूक नळी वर करून उभी ठेवली असेल तर सगळं तेल ओघळून दस्त्याच्या तोंडात मुरतं, तिथलं लाकूड काळं आणि मऊ पडतं, स्क्रू आवळला की दबत जातं.

हे ओळखायची खूण स्क्रूवरच असते. चांगल्या इंग्लिश बंदुकीत स्क्रूच्या खाचा नळीच्या रेषेत सरळ उभ्या ठेवलेल्या असत. लांब स्क्रूची खाच आज त्या रेषेच्या पुढे फिरलेली असेल तर तेवढं लाकूड दबलंय. मग दोन्ही हॅमर चढवून ट्रिगर हलकेच पुढे-मागे हलवा. टोकाला साधारण अर्धा मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. ट्रिगर ठाम उभा असेल, जराही हलत नसेल, तर पातं सिअरला टेकलेलं आहे. आता त्या स्क्रूला पाव फेरा सैल करा. ट्रिगर हलायला लागला आणि हाताच्या ठोक्याने पडणारा हॅमर पडायचा थांबला, तर निदान झालं. (पेचकस मात्र खाचेत तंतोतंत बसणारा घ्या. या स्क्रूंच्या खाचा फार बारीक असतात. बाजारातला जाड पेचकस त्या फाडतो.) सैल स्क्रूवर बंदूक वापरायची नाही, ही फक्त चाचणी आहे.

इथे दुरुस्तीकार दोनपैकी एक वाट धरतो. सोपी आणि चुकीची वाट म्हणजे ट्रिगरची पाती वरून कानशीने घासून जागा करणं. मेमध्ये बंदूक उत्तम चालेल. ऑगस्टमध्ये लाकूड फुगेल, घासलेली पाती शेपटीपर्यंत पोहोचणार नाहीत आणि ट्रिगर ओढूनही बार होणार नाही. बरोबर वाट लाकडाची आहे. दस्त्याच्या तोंडातलं तेल काढायचं: खडूची पूड अ‍ॅसिटोनमध्ये कालवून लेप द्यायचा, वाळल्यावर पिवळी पडलेली पूड झटकायची, आणि पूड पांढरीच राहीपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचं. काही दिवस जातात, पण घाई केली तर पुढचा इपॉक्सी लाकडाला धरत नाही. मग लांब स्क्रूच्या भोकात पितळी किंवा पोलादी नळकांडं बसवायचं, ज्याची लांबी वरची पट्टी आणि ट्रिगर प्लेट यांच्यातल्या योग्य अंतराएवढी असेल. ती आधी पत्र्याच्या ०.१ मिलिमीटरच्या शिमा, म्हणजे पातळ चकत्या, एकेक वाढवत, ट्रिगरची मोकळीक बघत ठरवायची. शेवटी प्लेटखाली आणि ॲक्शनमागे इपॉक्सीचा पातळ थर, धातूला मेण लावून, म्हणजे धातू सुटा निघतो. आता स्क्रू कितीही आवळा, प्लेट नळकांड्यावर टेकते. लाकूड आटो वा फुगो, ट्रिगरचं अंतर हलत नाही. आपल्या हवेत वापरायच्या प्रत्येक जुन्या दुनळीला हे करावं, असं माझं ठाम मत आहे.

एवढं करूनही डावा हॅमर पडतोच, तर सिअर उघडायचा. आधी त्याची पातीची स्प्रिंग बघायची. तडा असेल किंवा ताण गेला असेल तर नवी स्प्रिंग, जुनीला वाकवून जोर आणायचा नाही. पिनेच्या भोकात सिअर आडवा डुलत असेल तर भोक गोल करून जाड पिन. मग दहापट भिंगाखाली नाक आणि खाच. कडा धारदार आणि सरळ हव्यात. गोलसर, चमकणाऱ्या कडा म्हणजे झीज.

कडेपेक्षा कोन महत्त्वाचा. सिअर अगदी हळू उचलताना हॅमरकडे बघायचं. नाक सुटण्याआधी हॅमर स्थिर राहिला किंवा केसभर मागे गेला तर कोन बरोबर, खाच सिअरला धरून ठेवतेय. हॅमर पुढे सरकत असेल तर कोन उलटा झालाय आणि मुख्य स्प्रिंगचा सगळा जोर सिअरला बाहेर ढकलतोय. अशी बंदूक कधीही दगा देईल.

घासून देतो म्हणणारा कारागीर नेमकं इथेच नुकसान करतो. या भागांचा फक्त वरचा पातळ थर कडक केलेला असतो, आतलं पोलाद मऊ. कानस त्या थरातून पार गेली की ट्रिगर पहिल्या दिवशी सुरेख चालतो आणि पुढच्या काही बारांत मऊ कडा पुन्हा गोल होते, या वेळी आणखी वेगाने. नाकाला बारीक ऑइलस्टोनचे दोन-चार हात देणं वेगळं, कानस वेगळी. खाच खरंच खराब असेल तर हॅमरवर टिग वेल्डिंगने भर घालून खाच नव्याने कापायची आणि पुन्हा कडक करायची. महाग आहे, पण दुसरा मार्ग नाही.

साइडलॉक बंदूक, म्हणजे हॅमर-सिअर बाजूच्या पट्ट्यांवर बसवलेली, असेल तर गणित थोडं बदलतं. चांगल्या साइडलॉकमध्ये दुसरा, अडवणारा सिअर असतो. ट्रिगर न ओढता हॅमर सुटला तर तो मध्येच पकडतो. अशी बंदूक डबल बार करत असेल तर एक नव्हे, दोन गोष्टी बिघडल्यात, आणि अडवणारा सिअर बहुतेक तेलात चिकटलेला असतो. एकच ट्रिगर असलेल्या जुन्या दुनळ्यांत पहिल्या धक्क्यानंतर माणसाचं बोट नकळत दुसऱ्यांदा ओढतं. ती ओढ पचवायला यंत्रात वेगळी सोय असते आणि ती जुळवणं त्याच यंत्रात मुरलेल्या माणसाचं काम आहे. बाहेर घोडे असलेल्या बंदुकीत स्ट्रायकर पुढे अडकून राहिलाय का, हे आधी बघा.

काडतुसाचाही हात असतो. नळ्यांच्या खालच्या बाजूचे शिक्के वाचा. बर्मिंगहॅमच्या बऱ्याच जुन्या शिक्क्यांत नायट्रो प्रूफची, म्हणजे धूररहित दारूने तपासल्याची, खूण आणि छऱ्यांचं वजन औंसांत कोरलेलं सापडतं. बऱ्याच जुन्या बंदुकींचे चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, अडीच इंची, म्हणजे साधारण ६५ मिलिमीटरचे असतात. त्यात ७० मिलिमीटरचं जड काडतूस घातलं की दाब आणि धक्का दोन्ही वाढतात, आणि काठावर टेकलेला सिअर त्या धक्क्याने निसटतो. नळ्यांवर पिळाची नक्षी असेल, म्हणजे त्या दमास्कस असतील, तर धूररहित दारूचं आधुनिक काडतूस त्यात घालूच नका, सिअर कितीही नीट असला तरी.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्राची दुरुस्ती आणि चाचणी हाही परवान्याचा व्यवसाय आहे. स्वच्छता तुम्ही करा. सिअर, स्प्रिंग, वेल्डिंग हे काम परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच द्या, बंदूक नेताना परवाना सोबत ठेवा आणि क्रमांकासह लेखी पावती घ्या. शंका असल्यास ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आणि नागपूर शहरात पोलीस आयुक्तालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारा.

बंदूक परत घेताना ‘झालं’ एवढ्यावर उचलू नका. दोन्ही ट्रिगरची वजनं लिहून मागा. एक काडतूस-एक स्नॅप कॅपची चाचणी दोन्ही क्रमांनी, प्रत्येकी किमान १० बारांची, तुमच्यासमोर करून घ्या. ती स्वच्छ निघाल्यावरच दोन्ही नळ्या भरायच्या. काम पावसाळ्यात झालं असेल तर पुढच्या मेमध्ये, लाकूड पुरतं आटलेलं असताना, ट्रिगरची मोकळीक आणि वजनं पुन्हा मोजा. आणि तेल घातल्यावर बंदूक दोन दिवस नळी खाली करून, जुन्या कापडावर टेकवून ठेवा. दस्त्यात तेल मुरायचं तिथेच थांबतं.